मानशीचे दार आणि आजींचा पंप

शापोरा नदीच्या उत्तर तीराने चोपडे, आगरवाडा या बाजूस गेलेल्या वाचकांनी खाजनांचे बांध पाहिले असतील. परंतु बांधाच्या पोटात बसविलेली मानस थांबून, वाकून पाहिली असेल असे वाचक थोडे. नदीला भरती येऊ लागली की त्या चढत्या पाण्याच्याच रेट्याने मानशीचे लाकडी दार मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा भार दारावर पडतो, ते बाहेरच्या अंगास उघडते आणि शेतातील जादा पाणी नदीस मिळते. हा व्यवहार अहोरात्र चालतो. दर भरतीस दार लावावयास व दर ओहोटीस ते उघडावयास तेथे कोणी बसलेला नसतो. वीज नाही, तार नाही, किल्ली नाही. पोर्तुगीज या भूमीवर उतरण्यापूर्वीपासून गोव्याच्या गावकाऱ्यांनी ही युक्ती चालविली आहे. आणि आज ज्यास 'स्वयंचलित' असे भारदस्त नाव आपण देतो ती वस्तू आपल्या पूर्वजांच्या चिखलात रुतलेल्या पायांनीच प्रथम उभी केली, हे पाहून मनाला मौज वाटते.

या दाराची खरी थोरवी त्याच्या आपोआप मिटण्यात आहे असे आम्हांस वाटत नाही. ती त्याच्या उघडेपणात आहे. 'बाहेरचे पाणी आतल्याहून उंच झाले तर दार बंद' हा त्याचा नियम शाळेचे तोंड न पाहिलेल्या कुळालाही नुसत्या नजरेने कळतो. फळी कुजली, सांध्यात काटकी अडकली, तर बांधावरून जाणाऱ्या कोणासही ते दिसते व तो वाडीवर जाऊन ओरड करू शकतो. ज्यांचे पोट त्या दारावर अवलंबून, त्यांना ते दार वाचता येते.

मात्र त्याच दाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मानशीपाशी मासळी चांगली सापडते, म्हणून तेथल्या मासेमारीची पावणी होते. ज्याने बोली जिंकली त्याला मासळी हवी असते, भात नव्हे. मग दार नको त्या वेळी उघडे ठेवले जाते, खारे पाणी खाजनात चढते आणि भाताचे पीक हातचे जाते, ही तक्रार गोव्याच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेली आहे. यंत्र तेच, नियमही तोच. दोर ज्याच्या हाती गेला त्याचे हित तेवढे निराळे.

हे सारे आम्हांस आठवले ते एका पंपामुळे.

पेडणे महालाच्या आतल्या भागात, एका वाडीवर, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहतात. मुलगा जहाजावर नोकरीस. गेल्या मे महिन्यात तो रजेवर आला असता त्याने हौसेने आणि आईच्या काळजीने घरात पुष्कळ सोय करून ठेवली. ओसरीचा दिवा तिन्हीसांजेला आपणहून लागावा, विहिरीवरचा पंप पहाटे आपणहून चालू होऊन माडाच्या रोपांना व भाजीच्या वाफ्यांना पाणी जावे, आणि पाऊस झाला असेल त्या दिवशी पाणी फुकट जाऊ नये. पावसाची खूण कळावी म्हणून छपराच्या कडेला एक लहानशी पट्टी बसविली; तिच्यावर पाण्याचे थेंब पडले की तिच्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि यंत्राला 'ओले' असे समजते. मुलाच्या रजेत सर्व काही चोख चालले. पुढे पावसाळा आला. पंपाचे कामच उरले नाही. मुलगा समुद्रावर परतला.

पावसाळा संपून थंडी पडली आणि पंप संपावर गेला. आजींनी वायरमनला दोनदा बोलावले. त्याने बटण दाबले की पंप सुरळीत चाले. तो पैसे घेऊन जाई आणि दुसऱ्या पहाटे पंप पुन्हा गप्प. वाफ्यातील वांगी वाळली, माडाची दोन रोपे गेली. आम्ही एका संध्याकाळी त्या बाजूस गेलो असता आजींनी आम्हांस ओसरीवर बसवून हे गाऱ्हाणे सांगितले. आम्हांस सेमिनरीत लॅटिन शिकविले, तत्त्वज्ञान शिकविले. पंप शिकविला नाही. आम्ही मान डोलावण्यापलीकडे काही करू शकलो नाही. तेवढ्यात शेजारची मुलगी, इयत्ता आठवीतली, घागर घेऊन आली. मुलाने ते सारे नियम आईच्या मोबाईलवरही ठेवले होते; आजींनी ते आजवर कधी उघडले नव्हते. मुलीने मोबाईल हाती घेतला, दोनचार ठिकाणी बोट लावले, आणि पडद्यावर रंगीत ठोकळ्यांची एक उतरंड दिसू लागली.

"हे तर आमच्या शाळेतल्यासारखेच आहे," ती म्हणाली.

"मग वाच बघू मोठ्याने," आजी म्हणाल्या.

तिने वाचले. "पहाटेचे पाच वाजले की... जर पट्टी कोरडी असेल तर... पंप चालू कर. वीस मिनिटे थांब. पंप बंद कर."

आजी क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिल्या. "पाच वाजता पट्टी कोरडी कशी असेल ग? थंडीत दंव नाही का पडत? आठ वाजेपर्यंत केळीची पाने टपटपत असतात!"

झाले. दोन महिने जे वायरमनला उमगले नाही, आणि आमच्यासारख्या पढिकाला तर नाहीच नाही, ते वाक्य नुसते मोठ्याने वाचल्याबरोबर आजींच्या ध्यानी आले. मुलगा अज्ञ नव्हता की निष्काळजी नव्हता. त्याने नियम मे महिन्यात केला आणि मे महिन्यात दंव नसते, एवढेच.

या प्रसंगाचा आम्ही पुष्कळ विचार केला. आजींना ते ठोकळे स्वतः रचता आले नसते, हे खरे. परंतु रचलेला नियम त्यांना समजेल अशा वाक्यात समोर येताच तो दुरुस्त करण्यास त्या घरात त्यांच्याइतके लायक दुसरे कोणी नव्हते. अभियंत्याला पंप ठाऊक असतो. दंव आजींना ठाऊक असते. घरातील यंत्रांना शहाणपण शिकवायचे असेल तर ते शहाणपण ज्यांच्यापाशी आहे त्यांना यंत्राशी बोलता आले पाहिजे. हे बोलणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणारी विद्या आज उपलब्ध आहे, आणि ती आमच्या वाचकांच्या घरात शिरावी यासाठी हा लेखनप्रपंच.

ही विद्या तशी नवी नव्हे. संगणकाला आज्ञा द्यायची तर पूर्वी विशिष्ट सांकेतिक भाषेत ओळीमागून ओळी लिहाव्या लागत. एक स्वल्पविराम चुकला तरी सारे अडे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची सोपी भाषा केली. मुले तीत एका यांत्रिक कासवाला 'पुढे जा', 'वळ' अशा आज्ञा देत आणि कासव जमिनीवर रेघा ओढी. पॅपर्ट यांचा आग्रह असा होता की, यंत्राने मुलाला घडविण्यापेक्षा मुलाने यंत्राला घडवावे. पुढे २००७ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील मिचेल रेझ्निक यांच्या मंडळीने 'स्क्रॅच' जगापुढे ठेवले. त्यात लिहिणे जवळजवळ नाहीच. प्रत्येक आज्ञा हा एक रंगीत ठोकळा. त्यांना खाचा व दाते असतात. जे अर्थाने जुळते तेच आकाराने जुळते. वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकणे यात अशक्यप्राय होते. चुकलाच तर माणूस अर्थात चुकतो, आणि ती चूक माणसाला साजेशी आहे. २०१२ साली गूगलने 'ब्लॉकली' नावाने अशा ठोकळ्यांचे साहित्य सर्वांना खुले केले, आणि त्याच्या आधारे दिवे, पंप, कुलपे यांचे नियमही ठोकळ्यांनी रचता येऊ लागले. २०१३ साली आयबीएममधील दोघा अभियंत्यांनी 'नोड-रेड' निर्माण केले. त्यात ठोकळ्यांऐवजी चौकटी असतात व त्या रेघांनी जोडायच्या, जणू एका घरातून दुसऱ्या घरात पाट काढावा. ही नावे वाचकांनी पाठ करण्याचे कारण नाही. पडद्यावर चित्र रचून नियम करता येतो, इतके ध्यानात राहिले तरी पुरे.

आपल्या गोव्यात २०२१ पासून शासनाने 'केअर्स' या नावाने सरकारी व अनुदानित शाळांतील सहावी ते आठवीच्या मुलांना ही ठोकळ्यांची विद्या व यंत्रमानवशास्त्राची ओळख देण्याचा उपक्रम हाती घेतला. आजींच्या शेजारची मुलगी त्याचेच फळ. एक बाब मात्र आम्हांस खटकते: मूल शाळेत ठोकळ्यांनी मांजर नाचविते आणि घरी येऊन बंद पडलेल्या पंपाकडे पाहत बसते. या दोहोंमध्ये काही नाते आहे हे त्याला कोणी सांगत नाही. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला, तो नेमके हे नाते जोडण्यासाठी. परदेशात संशोधनाची पदवी मिळविलेला, मोठ्या कंपनीत मानाच्या हुद्द्यावर असलेला हा गृहस्थ अवर्षणाच्या टापूतील खेड्यात येऊन बसला. गावाला जी कामे हवी आहेत ती करता करता मुलांनी शिकावे, हा त्यांचा परिपाठ. २००२ साली अमेरिकेतील नील गर्शनफेल्ड यांच्या साहाय्याने तेथे 'फॅब लॅब' उभी राहिली. अमेरिकेबाहेर अशा कार्यशाळा जेथे सर्वप्रथम निघाल्या त्यांत आपल्या मराठी मुलखातील एका खेड्याचे नाव आहे, हे फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असते. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले.

आता थोडे व्याकरण. वाचकांनी कंटाळू नये. हे व्याकरण त्यांच्या जिभेवरच आहे.

नियम रचताना माणसे कोठे चुकतात याचा शोध अमेरिकेतील संशोधकांनी घेतला आहे. २०१५ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील दोघांनी असे दाखविले की क्षण आणि स्थिती यांची गल्लत हे चुकीचे एक मोठे मूळ आहे. पाऊस सुरू होणे हा एक क्षण. पाऊस पडत असणे ही स्थिती. यंत्राला दोन्ही निरनिराळी सांगावी लागतात. आपल्या मराठी घरांत हा भेद आज्यांनी भाषेतच करून ठेवला आहे. 'पाऊस आला की सुपारी आत घे', ही एका क्षणाची गोष्ट. 'पाऊस असेल तर सुपारी बाहेर काढू नकोस', येथे काढतेवेळी डोकावून पाहायचे. 'पाऊस आहे तोवर खिडकी लावून ठेव', ही जागत बसण्याची गोष्ट. 'की', 'तर' आणि 'तोवर' हे तीन लहान शब्द ज्याला नीट वापरता येतात त्याचे निम्मे शिक्षण झालेलेच आहे. ठोकळ्यांतही हेच तिघे निरनिराळ्या रंगांनी व आकारांनी बसलेले असतात. आजींच्या मुलाचा नियम 'तर'चा होता. पंपाने पाचाच्या ठोक्यास एकदाच डोकावून पाहिले, पट्टी ओली दिसली, आणि तो दिवसभरासाठी झोपी गेला.

दुसरी चूक याहून सार्वत्रिक. 'दार उघडले की दिवा लाव' एवढे सांगून माणूस निश्चिंत होतो. दिवा विझवायचा कोणी? घरच्या मुलाला हे सांगावे लागत नाही. यंत्राला सांगावे लागते. जो चालू करण्याचा ठोकळा लावील त्याने बंद करण्याचा ठोकळा त्याच बैठकीत लावावा, असा दंडकच आम्ही आमच्या वर्गात घालून दिला आहे.

तिसऱ्या चुकीचा मान आमचा स्वतःचा आहे. आम्ही उत्साहाच्या भरात आमच्या निवासाच्या टाकीसाठी नियम रचला: टाकीतील पाणी खुणेखाली गेले की पंप चालू, वर आले की बंद. दोन्ही ठोकळे लावले. दोन महिने आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला हे कौतुक दाखविले. एप्रिलच्या अखेरीस विहीर तळाला गेली. टाकी भरेना, म्हणून पंप थांबेना. कोरडा फिरत राहिला आणि त्याचे वाइंडिंग जळाले. टाकीचा विचार आम्ही केला होता. विहिरीचा केला नव्हता. आमच्या आचाऱ्याने तो जळका वास प्रथम ओळखला. आता आमच्या नियमात एक ठोकळा अधिक आहे: अर्ध्या तासात टाकी भरली नाही तर पंप बंद करून आम्हांस कळव.

एकाच्या घरापुरते पाहून केलेला नियम शेजाऱ्यालाही भोवतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांपाशी आहे. तेथे शेतीला वीज ठरावीक तासच मिळते, अनेकदा अवेळी. रात्री बांधावरून, साप-विंचवांतून जाऊन पंप चालू करण्यापेक्षा शेतकऱ्यांनी स्टार्टरला 'ऑटो' जोडला. वीज आली की पंप आपोआप चालू. ज्याने तो प्रथम जोडला त्याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु एका रोहित्रावरील सर्वांनीच तसे केल्यावर वीज येताच सारे पंप एकाच क्षणी सुरू होऊ लागले, भार एकदम चढू लागला आणि रोहित्रे जळू लागली. 'ऑटो काढा, कपॅसिटर बसवा' असे आर्जव महावितरणला शेतकऱ्यांपुढे वारंवार करावे लागले आहे. प्रत्येकाने आपल्या नियमात 'वीज आल्यावर थोडे थांब' असा एक ठोकळा घातला असता, आणि प्रत्येकाचे थांबणे निराळे ठेवले असते, तर यातील कितीतरी हानी टळती. पण साध्या ऑटोत असा ठोकळा घालण्यास जागा नसते. तो बंद पेटीतून विकत येतो. याच मुलखात पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे साधन काढले आणि शेतकरी घरबसल्या मोबाईलवरून दूरचा पंप चालू-बंद करू लागला. २००९ साली त्यास नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. माणूस मधल्या वाटेतून काढून टाकण्याऐवजी त्याच्या हातात लांब दोरी देणारी ही कल्पना आहे. आमचा कल अजूनही त्या बाजूस झुकतो.

डिचोलीकडील एका बागाईतदारांनी आमच्या वर्गात हाच मुद्दा निराळ्या रीतीने मांडला. त्यांच्या कुळागराला पाटाचे पाणी पाळीने मिळते. आम्ही त्यांना घड्याळाचा ठोकळा दाखविला तेव्हा ते म्हणाले, "फादर, मला वेळ बांधून काय करायची? माझी पाळी शेजाऱ्याचे संपल्यावर लागते." मग त्यांनी आणि शेजाऱ्यांनी एकत्र बसून नियम रचला. एकाच्या फाटकाने दुसऱ्याच्या मोबाईलला 'माझे झाले' एवढे सांगावे, आणि दुसऱ्याने बटण दाबल्यावरच त्याचे फाटक उघडावे. ते बटण ठेवण्याचा हट्ट शेजाऱ्यांचा. ते म्हणाले, पाणी सुटताना आपण तेथे नसलो तर बरे दिसत नाही.

हे वर्ग आम्ही सलग चार रविवारी संध्याकाळी सभागृहात घेतले. पहिल्या दोन रविवारी संगणक उघडलाच नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंचे तुकडे कापले. हिरव्या खुणेच्या तुकड्यांवर 'की', पिवळ्यावर 'तर', निळ्यावर 'तोवर', पांढऱ्यावर कामे. प्रत्येकाने आपल्या घरातील एक पीडा सांगायची व ती तुकड्यांनी टेबलावर मांडायची. मग शेजारच्याने यंत्र व्हायचे: तुकड्यांवर असेल तेवढेच करायचे, स्वतःची अक्कल वापरायची नाही. यात जी हसाहशी झाली ती सांगून सोय नाही. पोदेराने तीन वाजता भट्टीघराचा दिवा लावण्याचा नियम मांडला. 'यंत्र' झालेल्या बाईंनी दिवा लावला, आणि दुपारी तीन वाजता पुन्हा लावला. कोंबड्या पाळणाऱ्या एका भगिनीने 'काळोख झाला की खुराड्याचे दार बंद' असे मांडले. लगेच कोणी विचारले, ढग दाटून दुपारीच काळोख झाला तर? आणि सगळ्या कोंबड्या अजून बाहेर असतील तर? त्या भगिनीने पाऊण तास खपून जो नियम केला तो कोणाही अभियंत्याने अभिमानाने मिरवावा असा होता.

तिसऱ्या रविवारी एक लहान यंत्रफलक आणला. आजकाल वाय-फाय जोडता येणारे असे फलक काही शे रुपयांत मिळतात आणि पाच व्होल्टांवर चालतात. हात लागला तरी धक्का बसत नाही. दिवा, भोंगा, मातीतला ओलावा सांगणारी कांडी, एवढ्यावर सारे शिकता येते. येथे एक इशारा कळकळीने देतो. घरातील वीज २३० व्होल्टांची आहे. पंप, गीझर, घरातील दिव्याचे बटण यांना रिले जोडण्याचे काम परवानाधारक वायरमननेच करावे. गळतीची वीज तोडणारा ई.एल.सी.बी. घरात असावा. नियम रचणे तुमचे, तार जोडणे त्याचे. कांड्यांविषयीही एक अनुभव: दोन उघड्या धातूच्या दातांची स्वस्त कांडी ओल्या मातीत थोड्याच काळात गंजून खोटे बोलू लागते. धातू झाकलेली 'कपॅसिटिव्ह' कांडी थोडी महाग, पण पुष्कळ दिवस टिकते.

आणि दोर कोणाच्या हाती, हा मानशीचा प्रश्न येथेही सुटत नाही. बाजारात मिळणारी बरीच साधने आपला नियम घरात ठेवत नाहीत. आजींच्या ओसरीतील दिवा लावण्याची आज्ञा समुद्रापलीकडील एखाद्या कंपनीच्या संगणकावर जाऊन परत येते. पावसाळ्यात इंटरनेट गेले की दिवा मुका होतो. कंपनीने दुकान बंद केले तर? ही कल्पनेतील भीती नव्हे. अमेरिकेत २०१६ साली 'रिव्हॉल्व्ह' नावाची घरयंत्रणा तिच्या मालक कंपनीने बंद केली आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेली पेटी निरुपयोगी ठरली. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'इन्स्टिऑन' कंपनीचे संगणक पूर्वसूचनेवाचून बंद पडले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेऊन पुन्हा चालू केली, तेव्हा कोठे त्या घरांना जीव आला. 'इफ्ट' या लोकप्रिय सेवेने २०२० साली विनामूल्य ठेवता येणाऱ्या नियमांची संख्या तीनवर आणली. व्यापार करणाऱ्याने व्यापार करावा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु घरातच राहणारी, घरातल्या लहान संगणकावर चालणारी साधनेही आहेत. २०१३ साली पॉलस शाऊटसेन यांनी आरंभिलेले 'होम असिस्टंट' हे त्यांतील अग्रगण्य. ते फुकट आहे, आणि इंटरनेट नसले तरी घरातल्या घरात चालते. ते बसविण्यास प्रथम थोडी डोकेफोड करावी लागते, हे लपविणार नाही. महाविद्यालयात जाणारा एखादा मुलगा वा मुलगी घरात असेल तर त्यांच्या सुटीचा हा सदुपयोग होय.

पेडणे आणि डिचोली या महालांतील किती घरांत आज अशी स्थिती आहे की करता माणूस आखातात किंवा जहाजावर, आणि घरात वृद्ध आईबाप! मुले प्रेमाने यंत्रे पाठवितात, रजेवर येऊन बसवितात. आम्ही त्यांना एवढीच विनंती करतो की निघण्यापूर्वी आईला शेजारी बसवून प्रत्येक नियम मोठ्याने वाचून दाखवावा, तिने 'असे नको' म्हटले तर वाद घालू नये, आणि प्रत्येक यंत्राला हाताने दाबायचे एक बटण शिल्लक ठेवावे. अंधारात चाचपडूनही सापडेल अशा जागी.

आजींच्या पंपाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. शेजारच्या मुलीने छपरावरील पट्टी नियमातून काढून टाकली. "मग पाऊस पडला हे त्याला कळणार कसे?" असे आम्ही विचारले. आजी म्हणाल्या, "अंगण भिजले म्हणजे पाऊस नव्हे. माडाच्या आळ्यात बोट खुपसून बघायचे. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर पाणी नको." मुलीने आजींचे बोट मोजपट्टीवर ठेवून दोन पेरे मोजली आणि तेवढ्याच खोलीवर मातीत कांडी रोवली. पंप चालू होण्याची वेळ पाचावरून साडेसहावर आणली, कारण साडेसहाला आजी उठलेल्या असतात व पंपाचा आवाज त्यांना ऐकू येतो. संपूर्ण नियम तिने वहीच्या कागदावर मराठीत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला डकविला आहे. त्याखाली आजींनी पेन्सिलीने आणखी एक ओळ लिहवून घेतली आहे, भाजीचे वाफे व माड यांना निराळे पाणी हवे अशी. ती अजून ठोकळ्यांत उतरलेली नाही. मुलीची परीक्षा चालू आहे.